तक्त्यातलं शेवटचं उत्तर

"आवं, म्हसरं आवरा की! हितं कार्यक्रम चाललाय!" सरपंच मानसिंग खुर्चीवरून अर्धवट उठून ओरडले.

तोवर पुढच्या दोन म्हशींनी नव्या नळाखाली साचलेल्या पाण्यात तोंड घातलं होतं. तिसरी नळाला बांधलेली झेंडूची माळ ओढून चघळत होती. बायका हसल्या.

मागून भागूबाई आली. हातात काठी, काखेत रिकामी बादली. पासली गावाच्या वरच्या अंगाच्या या वाडीपर्यंत तिच्या धनगरवाड्यावरून तासभराची उतरण होती.

"आवरून नेऊ कुटं?" ती म्हणाली. "झऱ्यावर झाकान बसवून कुलूप घातलंय तुमी. तीन दिस झालं, म्हसरं कुलूप चाटत्यात."

झऱ्याचं पाणी नळाला आणणाऱ्या संस्थेच्या नसरापूरच्या ऑफिसातून उद्घाटनासाठी आलेली शेफाली हनुमंतकडे वळली. "काका, झऱ्यावर वस्ती आहे?"

हनुमंतला संस्थेत एकवीस वर्षं झाली होती. गावात कुणाला आधी विचारायचं, कुणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा, हे त्याला शिकवावं लागत नसे. शेफाली आल्यावर स्टेकहोल्डरांचा तक्ता आला. स्टेकहोल्डर म्हणजे कामामुळे ज्याचं बरं किंवा वाईट होणार तो प्रत्येक जण. त्याचं नाव, गावात वजन किती, कामाशी संबंध किती. हनुमंतनं एका दुपारीत तक्ता भरून दिला होता. सरपंच, देवस्थानचे विश्वस्त, बचत गट, टाकीला जागा देणारा चिमाजी. तळाला प्रश्न होता : झऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे? त्यानं लिहिलं होतं, 'कोणीही नाही.'

धनगरवाड्यात त्यानं कितीदा तरी ताक प्यायलं होतं. तिथं विचारलं असतं तर वर हौद आला असता, पाण्याची वाटणी आली असती, गाव अडून बसलं असतं. काम मार्चअखेर पुरं झालं नसतं. ती माणसं ग्रामसभेला येत नाहीत, म्हणजे ओरडही होणार नाही, असं तो धरून चालला होता.

"आहे," तो म्हणाला. "तीन घरं."

"मग तक्त्यात कशी नाहीत?"

"आवं बाई, चुकून ऱ्हायलं आसंल," भागूबाईच मध्ये बोलली. "हनुमंतराव वळखीचं हायेत आमच्या. येवढ्या धावपळीत येकांदं नाव जातं इसरून."

सगळे हनुमंतकडे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "राहून गेलं."

शेफालीनं मान हलवली. नारळ फुटला. मानसिंग म्हणाले, "आजच्या दिस पाजा, मावशे. रोज न्हाई चालायचं. पानी गावाच्या नावावर हाय."

पेढे वाटून लोक पांगले. हनुमंत बादली भरून एकेका म्हशीपुढे ठेवत होता. सहाव्या बादलीला तो खाली बघतच म्हणाला, "भागूबाई, चुकून न्हाई ऱ्हायलं. म्या मुद्दामच सोडलं."

"ठावं हाय."

बादली भरून वाहू लागली. नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही. तिनंच केला.

"मग मगाशी 'चुकून' का म्हनला?" त्यानं विचारलं.

"चारचौघांत तुमाला खाली बघाय लावून मला काय मिळनार? आन् तुमाला कामावरनं काडून टाकलं, तर नवा येनारा आमाला वळखायचा बी न्हाई." तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "आता तरी लिवा."

त्यानं डायरी काढली. 'वर तीन घरं आहेत, हे तक्ता भरताना मला माहीत होतं.' त्याखाली घरं, माणसं, म्हशी, सगळं लिहिलं.

"वाचून दावा," भागूबाई म्हणाली.

त्यानं वाचलं. 'म्हशी अकरा' आलं तसं तिनं हात वर केला. "बारा करा. चांदी गाभन हाय. उद्याला तुमीच म्हनाल, रेडकाचं नाव न्हवतं."

त्यानं बारा केलं, सही केली, पान फाडलं.

शेफाली गाडीत बसली होती. "काका, चला ना, नसरापूरला सोडते."

त्यानं खिडकीतून पान आत दिलं.

"आधी वाचा," तो म्हणाला, आणि तिचं वाचून होईपर्यंत गाडीबाहेर उन्हात उभा राहिला.