देओलिंदाचे शब्द आणि दहा तिंबिला

हे मी सांगणार ते खरं मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर इतका भोळा निघेल की त्याला कोणी बायको देणार नाही. झाका तर आत्तापासूनच हसतोय. हस बाबा. दिवसभर तू टायरमध्ये हवा भरतोस, त्यामुळे फुगवलेलं आपल्याला लगेच कळतं असं तुला वाटतं.

माझा पेला भरा. आणि काजूच्या खोडापलीकडे ती पाहुणी म्हातारी बसलीये, तिलाही थोडी माडी द्या. सकाळी बसमधून उतरल्यापासून जुन्या राईची वाट विचारत होती म्हणे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला ती म्हणजे नुसतं एक निळं कापड. कोणीतरी तिला सांगा, की बाई, राई आता नाही. तिथे हॉटेल आहे.

गोष्ट त्या राईचीच आहे.

तेव्हा आमच्या गावात दहा तिंबिला वाजायच्या आणि त्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या मी, फेनियास. तुम्ही पोरांनी तिंबिला पाहिली ती शाळेच्या कार्यक्रमात, दोन पट्ट्या मोडलेली. आमच्या पट्ट्या राईतल्याच एका वठलेल्या झाडाच्या होत्या, निखाऱ्यावर भाजलेल्या, आणि प्रत्येक पट्टीखाली रानफळाचं पोकळ कवच मेणाने बसवलेलं. मी टिपरू मारलं की तळ्यातले मासे सुरात यायचे. एकदा तर मी इतकं गोड वाजवलं की समोरच्या माडावरचे नारळ आपणहून खाली उतरले, एकेक करून, कोणाच्या डोक्यात न पडता.

झाका म्हणतो, मामा, नारळांना पाय होते का. होते. तेव्हा सगळ्यांना पाय होते, आत्ताच सगळं बसून असतं.

तर राई. राईत आमची मेलेली माणसं होती. माझा बाप होता, माझ्या बापाच्या दोन्ही बायका होत्या, आणि पूर्वेच्या अंगाला देओलिंदाचा पोरगा आमोस होता, नऊ वर्षांचा, तापाने गेलेला. राईपुढे वाळूची टेकडी आणि तिच्यापुढे समुद्र. बाहेरच्या कोणाला तरी तो समुद्र खिडकीतून बघायचा होता. आमचा प्रमुख मातेउस. त्याने कागदावर सही केली. कोणाला विचारलं नाही, राईत जाऊन पूर्वजांपुढे चिमूटभर पीठसुद्धा ठेवलं नाही. एका मंगळवारी पिवळं यंत्र आलं आणि दुपारपर्यंत राई उताणी झाली होती.

जित्या माणसाचं घर पाडलं तर तो दारात आडवा तरी पडतो. शिव्या देतो, दगड मारतो. मेलेल्याने काय करायचं? कोणाच्या दारात जायचं? मातेउसला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने जित्यांच्या घराला हात लावला नाही. मोठा हिशेबी माणूस. लोक विचारायला गेले, हाडं कुठे नेली. तर म्हणे ट्रकमधून नेली, नीट ठेवली आहेत. कुठे? नीट. त्या एका शब्दावर तो पठ्ठ्या तीन महिने बसून राहिला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, वर मोठ्याने गायचा.

देओलिंदा माझ्याकडे आली ती कसावा सोलायची सुरी हातात तशीच घेऊन. मला वाटलं, आता ही कोणाला तरी भोसकणार. म्हणाली, फेनियास, मला वाजवायला माणूस हवाय, मी बोलणार आहे.

आमच्यात ही रीत आहे, तुम्हाला सांगायला नको, पण झाकाला सांगायला हवी, त्याला टायर सोडून काही माहीत नसतं. कोणाचं काही जळत असेल तर ते तिंबिलांवर म्हणायचं. ज्याचं नाव घ्यायचं त्याला पुढे खुर्ची टाकून बसवायचं. त्याला उठता येत नाही, रागावता येत नाही, नंतर डूख धरता येत नाही. आधी सगळं दणदणीत वाजतं, मग एका जागी म्होरक्या हात खाली घेतो आणि दहाच्या दहा तिंबिला मांजराच्या पावलांनी चालायला लागतात. तो भाग शब्दांचा. तिथे सुराने शब्दाखाली नुसती चटई घालायची. आणि शब्द संपले की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. माझ्या आजोबांच्या काळी गोऱ्या साहेबालासुद्धा असं बसवलं होतं. भाषा कळत नव्हती तरी घामाने भिजला.

शब्द म्हणायचे ते नाचणाऱ्या पुरुषांनी, बाईने नाही. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "पोर माझं, तोंड माझं. तू हात सांभाळ."

मग तिने शब्द सांगितले. आधी शब्द, मग सूर. शब्द जसा चढेल-उतरेल तसा हात. आठ दिवस ती माझ्या अंगणात बसून तेच म्हणायची आणि मी पट्ट्यांवर ते शोधायचो. मला आजही पाठ आहेत.

मातेउस, तू नीट ठेवलंस म्हणतोस.
माझ्या आमोसचा डावा पाय आखूड होता,
चालताना तो वाळूत एक खोल आणि एक उथळ पाऊल टाकायचा.
ट्रकमधली हाडं मोज, मातेउस,
आखूड असेल ते माझं.
ते माझ्या ओच्यात घाल, मग बांध तुझी खिडकी.

यात शिवी एक नाही. मी म्हटलं, थोडी शिवी घालू या, लोकांना बरं वाटतं. तिने नुसतं बघितलं. मी टिपरू उचललं.

कार्यक्रमाच्या सकाळी मातेउस माझ्याकडे आला. गोड बोलला, तब्येत विचारली, छपराकडे बघून हळहळला. म्हणाला, फेनियास, तू कलाकार माणूस, हळू भागात लोक कंटाळतात, तिथे जरा जोरात होऊ दे की. समजलं ना तुम्हाला? बाईचं तोंड दाबायचं नाही, ते वाईट दिसतं. तिच्या शब्दांवर सूर ओतायचा. तिच्याच सुरात तिला बुडवायचं. असली अक्कल माणसाला कोण शिकवतं कोण जाणे. मी त्याला काय केलं? मी त्याला मानेला धरलं आणि असा भिरकावला की तो चर्चच्या घंटेवर जाऊन आदळला आणि घंटा बारा वेळा वाजली. लोक जेवायला घरी गेले.

झाका विचारतोय, मामा, मग तुमच्या घरावर पत्रे कधी चढले. ते पत्रे माझ्या मेव्हण्याने दिले. मध्ये बोलू नकोस.

पण मातेउस बाकीच्या नऊ जणांकडेही गेला होता. त्या नऊ जणांनी मान डोलावली. नावं घेत नाही, मेले बिचारे.

दुपारी सगळं गाव जमलं. मातेउस खुर्चीत, पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. आम्ही दणक्यात वाजवलं. मग मी हात खाली घेतला, देओलिंदा मध्ये आली आणि म्हणाली, मातेउस. त्याबरोबर त्या नऊ जणांनी टिपरं वर उचलली आणि जीव खाऊन मारली.

आवाजच आला नाही!

मारताहेत, घाम गळतोय, आणि पट्ट्या मुक्या. ते लाकूड राईतलं होतं, आमोसच्या डोक्यावर सावली धरलेलं. ते कसं वाजेल त्याच्या आईवर? एकटी माझी तिंबिला चालू, हळू, मांजराच्या पावलांनी. समुद्रसुद्धा थांबला. लाट वर उचललेली, तशीच उभी. खेकडे बिळांतून येऊन रांगेत बसले, पुढचे पाय पोटाशी घेऊन. आणि एकेका ओळीला मातेउसची खुर्ची वाळूत रुतायला लागली. पहिल्या ओळीला घोट्यापर्यंत, तिसरीला कमरेपर्यंत. "आखूड असेल ते माझं" म्हटल्यावर नुसतं डोकं वर राहिलं, आणि एक खेकडा त्याच्या टोपीत जाऊन बसला.

मग त्या डोक्याने उत्तर दिलं. म्हणालं, ट्रक कुठे गेलाच नाही, सगळं हॉटेलच्या पायरीखाली भरावाला घातलंय. नीट ठेवलंय म्हणणारा माणूस! लोकांच्या बापांवरून पाहुणे पाय देऊन वर चढणार होते. गाव असं उसळलं की विचारू नका. त्याच दुपारी पायरी फोडली, आणि मी माझ्या हाताने आखूड हाड काढून देओलिंदाच्या ओच्यात घातलं. ती मला म्हणाली, फेनियास, तुझ्या हातांचं भलं होवो. आणि लेकीकडे गेली मशीश शहराला, सुखाने.

असं झालं. आता हसा.

कोणी हसलं नाही. खोडापलीकडचं निळं कापड उठून उभं राहिलं होतं. पेला तिने खाली ठेवला, भरलेलाच.

"दहाच्या दहा वाजल्या," ती म्हणाली. "सगळ्यात मोठ्याने तुझी. मातेउस म्हटलं आणि पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही. मी शेवटपर्यंत म्हणाले, सगळं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं मी नाचतेय."

झाकाने मान खाली घातली. मी काहीतरी बोललो असेन, मेव्हण्याबद्दल.

"खोटं बोलतोस, फेनियास. पण पायरीचं तुला कुठून सुचलं? मला तर आजवर पायरीचं कोणी बोललं नव्हतं." ती माझ्या इतकी जवळ आली की निळ्या कापडाच्या वर मला तोंड दिसलं. "ऊठ. कुठली पायरी ते दाखव."