खोलीत दुसरं कोणी

"फसवणूक? छे! मला कोण फसवणार?"

आजींनी दोन कपांत चहा ओतला. पाहणीवाल्या बाईने हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, "तो नव्हे हो. तुम्हाला वेगळा देते." आणि तो कप त्यांनी टेबलावरच्या मोबाइलसमोर ठेवला.

ऑनलाइन चोऱ्या खरोखर किती होतात, ते मोजायला बाई दारोदार फिरत होती. पोलिसांत मूठभरच जातात; बाकीचे लाजेपोटी तोंडात गुळणी धरून बसतात. पाहणीचा नियम कडक होता: समोरचा म्हणेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मोबाइल वाजला. आजींनी स्पीकर लावला.

"आई, जेवलीस?" तरुण, किंचित बसलेला आवाज.

"जेवले रे."

"पैशांचं काय झालं?"

"ठेव मोडलीय. पाठवते." मोबाइलवर तळवा ठेवून आजी हळूच म्हणाल्या, "माझा मुलगा. गेल्या वर्षी अपघातात गेला. ओळख पटवायला मीच गेले होते."

बाई मोबाइलकडे वाकली. माणसाच्या जुन्या व्हिडिओंवरून त्याचा आवाज हुबेहूब बनवतात, हे तिने ऐकलं होतं. प्रत्यक्ष ऐकत मात्र आज होती.

"अहो आजी, हा तो नाही!"

"न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझ्या लेकाने जन्मात कधी 'जेवलीस का' विचारलं नाही. हा मेला रोज विचारतो."

"उद्या घर विकायला लावेल."

"लावेल. पण रिकाम्या घराचं मी करू काय? तुम्ही 'हो' लिहाल, कोणीतरी फोन बंद पाडेल."

"नाव कुठेच जात नाही. नुसता आकडा."

"आकडाही नको."

तळव्याखालून आवाज आला. "आई, कोण आलंय?"

आजींनी तळवा उचलला.

"ताई," तोच आवाज, अगदी सौम्य, "आई 'नाही' म्हणाली ना? मग 'नाही' लिहा."

बाईने आजींकडे पाहिलं. आजींनी होकारार्थी मान हलवली. बाईने 'नाही' लिहिलं.

शेवटचा प्रश्न पाहणी करणाऱ्यानेच भरायचा होता: उत्तरं देताना खोलीत दुसरं कोणी होतं का?

मोबाइलसमोरच्या चहावर साय धरली होती. आजी ती चमच्याने अलगद बाजूला करत होत्या.

बाईने 'हो' लिहिलं.