भूक निघून जायच्या आत

मित्रांनो, असे ओट्याजवळ सरका. पोटात साठलेली एक गोष्ट आज तुमच्या पदरात टाकते.

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली आहे. मारुतरावांच्या कारभारीण अंबुबाईंनी मला चाकणच्या बाजारातून कुरुळी गावात आणलं. माझा पत्रा पातळ, बूड जरा पोचलेलं. पण पाणी ठेवून पाठ वळवली की उकळी फुटलीच! गावात कीर्तन असलं की बुवांचा नि टाळकऱ्यांचा चहा माझ्यातच व्हायचा. "मारुतराव, तुमच्या घरचा चहा म्हणजे गोड गळ्याचा अभंग," असं एकदा बुवा म्हणाले. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं चमकले. मग शेतांच्या जागी कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या, घरात कुकर आला आणि मी माळ्यावर गेले.

यंदा मारुतराव आबा अंथरुणाला खिळले. अंगाची नुसती काडी झाली. "पोटात काही गेलं नाही तर औषध लागू पडणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. पण आबांना भूक लागायची ती क्षणभरच. कुकरची शिट्टी होईतो ते तोंड फिरवायचे. आधी करून ठेवावं, तर शिळ्याचा नैवेद्य कसा दाखवायचा? आणि नैवेद्यावाचून आबांनी जन्मात घास घेतला नव्हता. अंबुबाई भरलं ताट परत आणायच्या आणि भिंतीला डोकं टेकून उभ्या राहायच्या.

नात अपेक्षा महाळुंग्याला कंपनीत नोकरी करते. तिथले परदेशी साहेब झटपट काय खातात ते पाहून तिने रामेन नूडल्स आणि टोफू आणला. मला माळ्यावरून काढून लख्ख घासलं.

"ह्ये काय खरवसावानी?" अंबुबाईंनी विचारलं.

"टोफू, आज्जी. सोयाबीनच्या दुधाचा. मऊ असतो, अंगात ताकद येते."

"सोयाबीनची तर म्हशीला पेंड घालत्यात! देवाम्होरं ठिवू व्हय ह्ये? नाव काय सांगू त्याला?"

"पाकिटातला मसाला मी टाकून दिलाय. त्यात मांसाचा अर्क असतो. आबांच्या तुळशीच्या माळेला बाधेल असं आता काही नाही ह्यात."

"न्हाई म्हंजे न्हाई."

तेवढ्यात आतून क्षीण हाक आली, "अगं ए... कायतरी खावंसं वाटतंय."

अपेक्षाने मला गॅसवर चढवलं. पाणी, हळद, जिरं, मीठ. नूडल्स सुटल्या, वरून टोफूच्या फोडी पडल्या. मित्रांनो, इतकी जीव तोडून मी कधी उकळले नव्हते! अंबुबाई दारात दगडासारख्या उभ्या होत्या. मग एकदम अंगणात धावल्या, तुळशीचं पान खुडून आणलं आणि वाटीवर ठेवलं. ती देवापुढे ठेवून हात जोडले.

"देवा, ह्याचं नाव मला ठावं न्हाई, तुला असंल. बिगीबिगी हात लाव. त्यांची भूक चाललीय."

पहिला घास गेला. दुसराही उतरला.

"शेवया खारट झाल्यात गं," आबा पुटपुटले.

"गप खावा!" अंबुबाई ओरडल्या, आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

आबा बरे झाले असं सांगितलं तर लबाडी होईल. कधी चार घास जातात, कधी एकही नाही. मी ओट्यावर पाण्याने भरलेली असते, कान आतल्या खोलीकडे लावून. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी ताट परत करत असेल, तर रागावू नका. पुन्हा विचारा, पुन्हा गॅस पेटवा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या अंबुबाईंची आठवण ठेवा. त्या स्वतः जेवल्या का, हे विचारायचं सगळ्यांचंच राहून जातं.