कोऱ्या तारखेचा फळा

वाचनालयाच्या दाराशी टांगलेला फळा तो मीच. जरा जवळ या. रंग उडाल्यापासून माझा आवाजही खोल गेलाय.

मुळात मी एका मोडक्या कपाटाचं दार. सुताराने बिजागऱ्या काढल्या, काळा रंग फासला आणि मला ग्रंथपालांच्या हवाली केलं. गल्ली त्यांना तारीखमास्तर म्हणायची. रोज सकाळी ते माझ्यावर त्या तारखेचा इतिहास लिहीत. वर घटना, मध्ये जन्म, खाली मृत्यू. कुठल्याशा राजाचा जन्म नि कुणा कवीचा मृत्यू; मध्ये शतकं उलटलेली, पण माझ्यावर दोघांत जेमतेम बोटभर जागा!

लोक आधी आपल्या वाढदिवसाला कोण जन्मलं ते बघत. न्हाव्याच्या तारखेला एक सेनापती निघाला, तर स्वारी दिवसभर छाती काढून हिंडली. "सेनापती, दाढी कराल का?" समोरचा शिंपी ओरडला होता.

मास्तरांची लेक मात्र दरवर्षी हिरमुसायची. "बाबा, माझं नाव लिहा ना!"

"आधी काहीतरी करून दाखव, मग लिहितो."

ती शिकायला लांब गेली. तिच्या वाढदिवसाला मास्तर राजेच लिहीत राहिले.

मग मास्तर गेले. दाराला कुलूप लागलं, माझी अक्षरं धुळीने गिळली. त्यांना जाऊन वर्ष झालं त्या सकाळी लेक आली. वाचनालयाचं मंडळ इथे गोदाम करणार होतं. त्यांना किल्ली द्यायची, एवढंच तिचं काम. माझ्यासमोर ती थबकली. तिला पाहून समोरचा शिंपी दुकानातून उठून आला.

"काका, साऱ्या जगाला इथे जागा होती. मलाच तेवढी नव्हती."

शिंप्याने चष्मा कपाळावर चढवला. "कोण म्हणतं? तू जन्मलीस त्या सकाळी त्याने नुसती तारीख लिहिली होती. तेवढ्यात निरोप आला, तसा खडू हातात घेऊनच दवाखान्यात पळाला. दिवसभर फळा कोरा! संध्याकाळी मी टोमणा मारला, 'काय मास्तर, आज जगात काहीच घडलं नाही वाटतं?' तर म्हणतो कसा, 'घडलं ना! पण ते फळ्यावर मावत नाही.' आणि तसाच ठेवला."

"मला कधी बोलले नाहीत."

"अगं, तो राजांविषयी तासभर बोलेल. घरच्यांविषयी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची त्याची."

मला तो दिवस लख्ख आठवत होता. पण न लिहिलेलं मी तिला दाखवणार तरी कसं?

तिने रुमालाने मला पुसलं, हळूहळू, कडेपर्यंत. आजची तारीख लिहिली. खाली काहीच नाही. मग दार उघडलं, खिडक्या उघडल्या.

न्हावी डोकावला. "हे काय, आज काहीच नाही घडलं?"

"घडलंय," ती म्हणाली, आणि किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली.

मंडळाला तिने गोदामाचा बेत सोडायला लावला. आता वाचनालय तीच बघते, माझ्यावर रोज तीच लिहिते. अक्षर बापासारखंच तिरकं. माझा एक कोपरा फुगलाय, रंगाचा हात फिरला तर बरं होईल. पण ते राहू द्या. जाता-येता मला वाचत जा. आणि एखाद्या दिवशी मी कोरा दिसलो, तर तसेच पुढे जाऊ नका; आत येऊन विचारा, आज कुणाच्या घरी काय घडलं?