माझी काच काढली तेव्हा

मी चावीचं मनगटी घड्याळ बोलतोय. बोलणं म्हणजे काय, टिकटिक. तेवढीच मला येते. पण आज जरा कान देऊन ऐका. सध्या मी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका खोलीत आहे, आणि ज्याच्या मनगटावर आहे त्याची नाडी माझ्यापेक्षा भरभर चालली आहे. अशा वेळी मलाही गप्प राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात चाकं बसवली, चिमट्याने काटे लावले, वर काच दाबली आणि मला कानाशी धरलं. माझा आवाज ऐकून ती जराशी हसली आणि तिने पुढचं घड्याळ उचललं. आईचा सहवास म्हणाल तर एवढाच.

दुकानात मी मागच्या फळीवर पडून होतो. मग एक तरुण मुलगी वडिलांबरोबर आली. तिला बस डेपोत कंट्रोलरची नोकरी लागली होती, कोणती गाडी कधी सोडायची हे बघायची. दुकानदाराने नाजूक, चकचकीत लेडीज घड्याळं पुढे मांडली.

"दागिना नकोय हो," ती म्हणाली. "आकडे मोठे दिसले पाहिजेत."

वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मोठ्या तोंडाचा, ओबडधोबड असा मी. तिच्या बारीक मनगटावर मी विचित्रच दिसत होतो, पण तिला मी आवडलो.

आमची केबिन म्हणजे तीन बाजूंनी काच, एक उंच खुर्ची, एक माईक आणि डिझेलचा वास. ती गाडीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि मग शिट्टी वाजायची. ड्रायव्हर लोक तिला पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणत. "घड्याळबाईंच्या हातून गाडी सुटते, मिनिट सुटत नाही," असं एकजण म्हणाला ते तिने ऐकलं, आणि दिवसभर खुशीत होती.

माणसांची एक गंमत सांगतो. ती माझ्याकडे बघतात, मान वळवतात, आणि कुणी किती वाजले विचारलं की पुन्हा बघतात. आधी काय बघितलं होतं कोण जाणे. काहीजण आम्हाला मुद्दाम पुढे लावतात आणि मग मनातल्या मनात वजाबाकी करत तेवढ्याच उशिरा निघतात. कुणाचं वाटोळं झालं की त्याचे 'बारा वाजले' म्हणतात. त्या बिचाऱ्या आकड्याने यांचं काय घोडं मारलंय, मला आजवर कळलेलं नाही.

माझी बाई तसली नव्हती. ती मला बरोबर ठेवायची आणि माझ्यावर विसंबायची. फार विसंबायची. भूक लागली की नाही हे ती पोटाला न विचारता मला विचारायची. झोप पुरेशी झाली का, पाहुणे फार वेळ बसले का, दूध तापलं असेल का, सगळं मला. अंघोळीला मला काढून ठेवलं की उघडं मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवायची. मला अभिमान वाटायचा आणि धास्तीही. मी एकदा जरी मागे पडलो तर हिचं काय होईल?

तिचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. डेपोच्या पाट्या रंगवायला आला तेव्हा त्यांची पहिली भेट झाली, तीही भांडणातच.

"पाटी काल लागायला हवी होती."

"रंग वाळला नव्हता, बाई. रंगाला घड्याळ घालता येत नाही."

लग्नानंतरही तो तसाच राहिला. त्याने कधी घड्याळ घातलं नाही. रंगाचा पहिला हात बोटाला चिकटेनासा झाला की त्याची जेवायची वेळ, दुसरा वाळला की घरी जायची. आणि नवल म्हणजे तो घरी यायचा तेव्हा मी बघायचो, फारसा चुकलेला नसायचा. पण ती त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. "तुमचा अंदाज, आणि माझा जीव टांगणीला," असं म्हणायची.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एका सकाळी केबिनमध्ये तिने रुमालाने माझी काच पुसली. थोड्या वेळाने पुन्हा पुसली. मग नखाने खरवडली. तिला माझ्यावर काळे धागे दिसत होते. मी घाबरलो. माझ्यात काही बिघडलं असेल का? पण धागे माझ्यावर नव्हते. दुपारपर्यंत तिच्या उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळी सावली वर चढू लागली होती. तिने गाडी सोडली, शिट्टी खाली ठेवली आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाली, "पेंटरना बोलवा. मला अर्धीच बस दिसतेय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. आज आलात हे बरं झालं. मी पडदा बसवीन आणि डोळ्यात हवेचा फुगा सोडीन. फुगा आतून पडद्याला दाबून धरेल. पण फुगा वर चढतो, म्हणून तुम्ही तोंड खाली करून पडून राहायचं. उताणं व्हायचं नाही, मान उचलायची नाही. दुसरा डोळाही कच्चा आहे, त्याला लेझर मारते. आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी."

"किती वेळ?" तिने विचारलं.

"वेळ नाही, दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या वेळी मी पेंटरच्या खिशात होतो. तिथे टर्पेंटाइनचा वास होता आणि त्याच्या छातीची धडधड माझ्या टिकटिकीत मिसळत होती. ती बाहेर आली ती पालथीच. शुद्धीवर येताच तिने हात पसरला. "माझं घड्याळ." त्याने मला तिच्या मनगटावर बांधलं. मी तिथे होतो, बरोबर चाललो होतो, आणि तिला माझा काही उपयोग नव्हता.

तिचं कपाळ उशीच्या भोकावर टेकलेलं. मान आखडलेली. पट्टीच्या आत अंधार. ती जो येईल त्याला वेळ विचारायची. तरुण सिस्टर औषधाची ट्रॉली ढकलत यायची. "आत्ताच तर सांगितलं, मावशी," ती म्हणायची, पण पुन्हा सांगायची. सिस्टर नसली की पेंटर माझ्याकडे वाकून सांगायचा. पहिल्या दिवशी त्याने खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडत होती. मान दुखत होती, आणि पट्टीला पाणी लागू नये म्हणून रडणंही आवरायचं होतं. "किती वाजले हो?" माझ्यावर नऊ वाजून गेले होते, फार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, "बारा वाजत आले."

मी हादरलो. माझ्या तोंडावर एक आणि त्याच्या तोंडी दुसरंच. पण तिचे खांदे सैल पडले. "अरे वा," ती म्हणाली. "बरी गेली सकाळ."

एका खोट्याच्या पोटी किती जन्मतात ते मी त्या दिवशी पाहिलं. जेवण येईना, तेव्हा तो म्हणाला, आज स्वयंपाकघरात गडबड आहे. जेवण आलं, तेव्हा म्हणाला, चहाच्या वेळेला जेवण देतात, काय हा कारभार. त्याला वाटत होतं तो तिचे तास हलके करतोय. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे तीच टिकटिक.

मग ती बोटांनी चादर चुरगळू लागली. "दुपारचे थेंब राहिले," ती म्हणाली. "सिस्टर विसरली. अहो, थेंब चुकले तर पडदा धरणार नाही."

"येईल ती."

"कधी येईल? चार वाजून गेले म्हणालात ना? थेंब दोनला होते. माझा डोळा गेला. तुम्ही बसून काय राहिलात?" आणि ती उठू लागली. कोपर गादीवर रोवलं, मान वर आली. मी तिच्या मनगटावर होतो. माझ्यावर अजून दोनसुद्धा वाजले नव्हते.

त्याने धावत येऊन तिचे खांदे दाबले. "उठू नकोस. अगं, ऐक. मी खोटं बोललो. दोन वाजलेले नाहीत. मी सकाळपासून खोटी वेळ सांगतोय."

ती तशीच थिजली. मग हळूहळू कपाळ उशीवर टेकलं. सिस्टर आली, पट्टीची कड उचलून थेंब घातले, मान किती उचलली ते विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंना सांगायला गेली. फुगा हलला असेल का, पडदा सुटला असेल का, कुणालाच सांगता येत नव्हतं. पट्टी काढल्यावर कळेल, एवढंच उत्तर.

नंतर ती म्हणाली, "मला तुमच्या तोंडची वेळ नको. घड्याळाची काच काढा."

"काय?"

"काच काढा. मी हाताने बघेन."

त्याने पिशवीतून रंग खरवडायची पातळ पट्टी काढली. माझ्या कडेला ती घातली आणि काच उचकटली. आयुष्यात पहिल्यांदा मला वारा लागला. मग तिचं बोट आलं. मी जन्मल्यापासून माझ्या काट्यांना माणसाचा हात लागला नव्हता. ती श्वास रोखून चाचपत होती. "हा लहान. हा मोठा." मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, की मी पुन्हा तिच्या कामाचा झालो.

पण बोटाला बघणं कुठे जमतं? बोट बघता बघता ढकलतं. ती दर थोड्या वेळाने चाचपायची, मोठा काटा सरकायचा, आणि मी चुकत जायचो. आता खोटं मीच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा काटा वाकून लहान काट्यात अडकला. मी थांबलो.

तिने मला कानाला लावलं. चावी पिळून बघितली. पुन्हा कानाला लावलं. ती किंचाळेल असं मला वाटलं. ती इतकंच म्हणाली, "बंद पडलं. आता मी काय करू?"

पेंटर तिच्या पायाशी बसला. "आधी तू सांग," तो म्हणाला. "तुझ्या अंदाजाने किती वाजले? मग मी बाहेरच्या भिंतीवरचं बघून येतो. जे असेल ते सांगेन. शपथ घालायची तर घाल."

"मला नाही कळत तसं."

"मलाही कळत नाही. मी फक्त काय झालं आणि काय व्हायचंय ते बघतो. फरशी पुसून गेली का?"

"गेली. बादलीचा आवाज आला."

"ऊन कुठे आहे?"

ती थांबली. खिडकी तिच्या डावीकडे होती. "खांद्यावर. पाठीवर नाही आलं अजून." मग घाबरत घाबरत तिने एक आकडा सांगितला. तो बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "चुकलीस. पुष्कळच चुकलीस." ती चिडली, पण त्या चिडण्यात हलकेपणा होता, कारण तो खरं बोलला होता.

दिवसभर तेच चाललं. ऊन खांद्यावरून कमरेकडे उतरायचं. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, ते जेवणाआधी. पोटाला भूक लागते हे तिला नव्याने कळलं. ती कधी जवळ यायची, कधी भलतीकडेच जायची. एकदा तिने जवळपास नेमकं सांगितलं, तेव्हा पेंटर परत येऊन नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी बंद, तिच्या मनगटावर. खरं सांगू? मला बरंही वाटलं आणि वाईटही.

पट्टी सुटली. डॉक्टरीणबाईंनी समोर हात धरला. "किती बोटं?"

"हलतंय काहीतरी," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हात तसाच धरला. "पाणी हलल्यासारखं दिसतंय. पाण्याच्या मागे... तीन?"

"तीन. ते पाणी म्हणजे फुगा. तो विरेल. पडदा धरलाय."

डोळा आला, पण पूर्ण नाही. सरळ रेघ तिला मधोमध वाकडी दिसते. ती डेपोत परत गेली, पण आता शिट्टी दुसऱ्या बाईच्या हातात आहे आणि हिच्याकडे माईक. घड्याळजीने माझा काटा सरळ केला, नवी काच बसवली. घरी आल्यावर तिने मला हातात घेतलं, चावी दिली आणि नवऱ्याच्या मनगटावर बांधलं. "आता तुम्ही वागवा," ती म्हणाली. "मला काटा वाकडा दिसतो, तो रोज बघायचा धीर नाही." त्याने कुरकुर केली, मनगटाला घाम येतो म्हणाला, पण मला काढलं नाही.

या आठवड्यात डाव्या डोळ्यात धागे आले. तो कच्चा डोळा, चांगला उरलेला. पुन्हा तोच पलंग, तीच भोकाची उशी, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पडदा धरेल की नाही, मला ठाऊक नाही. मला फक्त वेळ ठाऊक असते, पुढचं नाही.

तुम्हाला एकच विनवणी. अंथरुणात पडलेल्या माणसाने तुम्हाला वेळ विचारली तर मनगटावर जी असेल तीच सांगा. वेळ थोडीच सरली असेल, त्याला ते ऐकवणार नाही, तुमची जीभ अडखळेल, तरी तीच सांगा. अंधारात असलेल्याला पाय टेकायला तेवढीच जमीन असते.

आत्ताच तिने विचारलं, "किती वाजले हो?" पेंटरने माझ्याकडे बघितलं. सकाळ नुकती सुरू झाली होती. त्याची नाडी माझ्या पाठीवर धडधडली. त्याने जे होतं ते सांगितलं.

"हो," ती उशीत तोंड ठेवून म्हणाली. "ऊन अजून खांद्यावर पण आलं नाही. तुम्ही चहा पिऊन या."