मोहाच्या दिवसातली गोळी

आमच्या गावात वाढदिवसांचं पीक डिसेंबर-जानेवारीत येतं. अंगणवाडीच्या भिंतीवर पोरांच्या जन्मतारखा लिहून ठेवल्या आहेत, कोणीही जाऊन पाहावं. बाहेरगावच्या माणसाला हा चमत्कार वाटतो. गावातल्या कोणाला वाटत नाही, कारण नऊ महिने मागे मोजले की मोह येतो. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे गळतात. घरातले म्हातारे-म्हाताऱ्या चार वाजताच टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि नऊ-दहापर्यंत घर तरण्या लोकांच्या हवाली असतं. दोन खोल्यांत वर्षभर दबक्या आवाजात खोकणारी माणसं त्या दीड महिन्यात मोकळी होतात. माझा नवरा निकेश सहा जानेवारीचा. आमचा पियुष अठ्ठावीस डिसेंबरचा. म्हणजे दोन पिढ्यांचा पुरावा घरातच आहे.

म्हणून यंदा पहिलं फूल पडलं आणि मला धास्ती बसली. बावीस मेला माझी वनरक्षकाची मैदानी चाचणी होती. लेखी परीक्षा मी पियुषला पाजता पाजता अभ्यास करून काढली होती. तो एका हातानं माझा गळा धरायचा आणि दुसऱ्या हातानं पुस्तकाचं पान फाडायचा. पंचायत राज व्यवस्थेचा अर्धा धडा त्याच्या पोटात गेला, तरी मी पास झाले. आता तीन किलोमीटर धावणं तेवढं राहिलं होतं. पुढची भरती केव्हा निघेल कोणी सांगू शकत नव्हतं, आणि पोटुश्या बाईला मैदानात कोणी उभं करत नाही. मला पियुष हवाच होता, जीवापेक्षा जास्त. त्याचा भाऊ मात्र मला एवढ्यात नको होता.

उपाय सगळे करून झाले होते. रोजच्या गोळ्यांनी माझं अर्धं डोकं फुटायचं आणि डोळ्यांपुढे लखलख व्हायचं. तशी डोकेदुखी असेल तर त्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, असं चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तांबी बसवली, ती दोन महिन्यांत आपली आपण बाहेर आली, न सांगता गेलेल्या पाहुण्यासारखी. राहिला निरोध. निकेश वीज मंडळाच्या ठेकेदाराकडे खांबावर चढतो, अकरा हजाराच्या लाइनीखाली उभा राहतो, पण मेडिकलच्या दुकानात ते एक पाकीट मागायची त्याची छाती होत नाही. दोनदा गेला. एकदा खोकल्याचं औषध घेऊन आला, एकदा दाढीचं ब्लेड.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत ठेवायची गोळी लिहून दिली. मेणासारखी असते, योनीत ठेवली की विरघळते आणि वीर्यातल्या जंतूंना तिथंच गारद करते. रक्तात जायचं नाही, दुधावर परिणाम नाही, डोकं दुखायचं नाही. आडवं होऊन खोलवर सारायची, दहा मिनिटं थांबायचं, पुढच्या तासाभरात काम उरकायचं, दुसऱ्यांदा मन झालं तर दुसरी गोळी. नंतर सहा तास आतून धुवायचं नाही. आग झाली तर बंद करायची. बाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, ही एकटी काही फार भरवशाची नाही. नुसत्या हिच्यावर वर्ष काढणाऱ्या शंभर बायांतल्या वीसेक तरी फसतात. निरोधाबरोबर वापरा.

हे सगळं मी घरी येऊन निकेशला सांगितलं. निरोधाचं वाक्य त्यानं कानाआड केलं आणि वीस आकड्यावर अडकला. "म्हणजे ऐंशी टक्के," तो म्हणाला. "मले बारावीत बावन्न भेटले होते. हे तं डिस्टिंक्शन हाय."

माझा दिवस असा बसला. पहाटे पाचला मी कालव्याच्या रस्त्यानं धावायला जायची, तेवढा वेळ निकेश पियुषजवळ. सहाच्या आत मी परत. पियुष सातपर्यंत झोपायचा. सहा ते सात आमचं राज्य.

त्या राज्यात दहा मिनिटांची टोलनाक्यासारखी थांबायची जागा आली. निकेश मोबाइलवर गजर लावायचा आणि आम्ही छताकडे पाहत पडायचो. पहिल्या दिवशी दोघंही लाजलो. दुसऱ्या दिवशी भांडलो. तिसऱ्या दिवशी तो सांगू लागला की त्याला खांबावर चढायची भीती वाटते. पहिल्यापासून. वर गेला की तो खाली पाहत नाही, दूरच्या टेकडीकडे पाहतो आणि मनात आमच्या घराच्या कौलांची मोजणी करतो. तीन वर्षं झाली लग्नाला, हे मला ठाऊक नव्हतं. मग मीही सांगितलं की धावताना मला पान्हा फुटतो, कुडता ओला होतो आणि कालव्यावरचे म्हातारे नजर वळवतात. तो हसला नाही. माझ्यासाठी जाड कापडाचे तुकडे शिवून आणीन म्हणाला. आणि आणलेसुद्धा, शिंप्याला बॅटरीची पिशवी शिवायची आहे असं सांगून. गजर वाजायचा तेव्हा कधीकधी आम्हाला वाईट वाटायचं.

एप्रिल लागला आणि ऊन त्रेचाळीसवर गेलं. टिनाच्या पेटीत ठेवलेल्या गोळ्यांचं डालडा झालं. दोन वाया गेल्या. मग मी उरलेल्या एका प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याच्या मडक्याखालच्या ओल्या रेतीत पुरल्या. घरात त्यापेक्षा गार जागा नव्हती.

आमच्या सासूबाई, रुखमाबाई, दर पंधरा दिवसांनी ती रेती बदलतात. हे मला ठाऊक होतं. पण झोप कमी झाली की माणूस ठाऊक असलेलंच विसरतं.

मी स्वयंपाक करत होते. त्या डबी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हे का होय व?"

तापाची गोळी म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी ताप आल्यावर ती खाल्ली असती, म्हणून मी खरं सांगितलं. कुठं ठेवतात तेही सांगितलं. त्यांनी डबी लगेच दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, कामाची हाय का? मी शंभरातल्या वीस बायांचा हिशेब सांगितला. त्यांनी थोडा वेळ मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाल्या, "शंभरात वीस फुलं सडकी निघाली तं बेपारी टोपलीले हात नाई लावत."

एवढंच. ओरडल्या नाहीत, माहेरी कळवलं नाही. डबी नव्या रेतीत जशीच्या तशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्यांनी निकेशला हलवून उठवलं आणि मोह वेचायला घेऊन गेल्या. गुडघा दुखतो म्हणे, टोपली उचलत नाही. तिसऱ्या दिवशीही नेलं. चौथ्याही. तो दहाला परत यायचा, अंगाला मोहाचा गोड उग्र वास, भाकर खाऊन थेट कामावर, आणि संध्याकाळी ताटावरच डुलक्या. आमच्या अंगणात मोहाचा ढीग दुप्पट झाला. गोळ्यांपेक्षा हा उपाय नक्कीच पक्का होता. शंभरातली एकही बाई फसली नसती.

पण माझं धावणं बंद पडलं. पियुषला कोणाजवळ ठेवणार? दोन दिवस मी त्याला कडेवर घेऊन अंगणातच चकरा मारल्या. त्याला तो खेळ वाटला. माझे केस लगामासारखे धरून तो टाचा मारायचा. बारा किलोचं पोर घेऊन मी वाळत्या मोहाभोवती गोल धावत होते आणि शेजारच्या अन्नपूर्णाबाई कुंपणावरून विचारत होत्या की भूतबाधा झाली का.

पाचव्या दिवशी मी मोबाइलवर तारीख पाहिली. अडतीस दिवस उरले होते. पियुषला तसाच झोपेतून उचलला, कडेवर घेतला आणि जंगलाच्या रस्त्याला लागले. आमची झाडं दीड किलोमीटरवर आहेत. मी अर्धी धावत, अर्धी चालत गेले.

झाडांखाली आठ-दहा बाया वाकून फुलं वेचत होत्या. अन्नपूर्णाबाईही होत्या. निकेश भरलेली टोपली डोक्यावर घेऊन उभा होता, दोन्ही हात वर. मला पाहून त्याचा चेहरा असा झाला, जणू लाइन चालू असताना तार धरली.

दम लागला होता म्हणून आवाज मोठा निघाला. "आई, माहा माणूस वापस द्या."

बाया सरळ झाल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "इतल्या लवकर करमत नाई का व?"

"करमत नाई तं नाई," मी म्हटलं. "पन मले धावायचं हाय. पोराजवळ कोनी पाहिजे. गोळीचं काय करायचं ते मी पाहतो, आई. तुमी त्याले जंगलात लपवून ठेवू नका."

सासूबाई फुलं वेचतच होत्या. चार-सहा वेचली, टोपलीत टाकली. मग मातीतच बसल्या.

"लपवून नाई ठेवला," त्या म्हणाल्या. "त्याले एक वस्तू द्याची होती. पाच दिवस झाले, तोंडच उघडत नाई माह्यं. पोटच्या पोराले कसं देऊ?"

त्यांनी कनवटीची गाठ सोडली. चुन्याच्या डबीबरोबर, तंबाखूच्या पुडीखाली, निरोधाची पाकिटं होती. घामानं मऊ पडलेली एक पूर्ण माळ.

मग सगळं कळलं. डबी सापडली त्याच दिवशी त्यांनी गावच्या आशा सेविका रंभाबाईंना गाठलं होतं. एकट्या गोळीच्या भरवशावर राहू नका, दोन्ही वापरा, हे रंभाबाईंनीही सांगितलं. पाकिटं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या डब्यात फुकट असतात. तो डबा गुणवंतरावांच्या चहाच्या टपरीसमोर आहे, म्हणून गावातला एकही बाप्या त्यात हात घालत नाही. सासूबाई भर दुपारी गेल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि डब्यात तीनदा हात घातला. गुणवंतरावांनी विचारलं, रुखमाबाई, हे कायले? त्या म्हणाल्या, "काऊन, तुले पाहिजे का?" हे अन्नपूर्णाबाईंना ठाऊक होतं, म्हणजे गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हा दोघांना.

"घामानं खराब झाले असतील," मी म्हटलं.

"मंग दुसरे आनतो," सासूबाई म्हणाल्या. "आता लाज गेली. माह्ये पाच झाले, दिव्यानी. दोन गेले. मले कोनी इचारलं नाई तुले धावायचं का म्हनून." मग निकेशकडे वळल्या. "उभा काऊन हायस खांबावानी? पोराले घे."

टोपली उतरवायला त्याला दोन बायांनी मदत केली. पियुषला घेऊन तो मान खाली घालून निघाला. मागून अन्नपूर्णाबाईंनी त्याला दिलेला सल्ला मी इथं लिहीत नाही.

मी घरापर्यंत धावत गेले. न थांबता, पहिल्यांदाच.

बावीस मेला मैदानावर सकाळी सहालाच उन्हाचे चटके बसत होते. धावण्याआधी एका टेबलावर फॉर्म भरायचा होता. त्यात एक ओळ होती, गरोदर आहात का. माझ्या पुढची मुलगी ती ओळ पाहून रडायला लागली आणि बाजूला जाऊन बसली. कोणी तिला काही विचारलं नाही. तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली होती, ती मी तिला नेऊन दिली आणि क्षणभर तिच्या पाठीवर हात ठेवला. नंतर परत येऊन मी त्या ओळीसमोर "नाही" लिहिलं आणि खाली सही केली.

"एवढी मोठी सही कायले?" टेबलावरच्या मॅडमनी विचारलं. "चौकट फोडून बाहेर गेली."

मी म्हटलं, जागा होती मॅडम. आणि नंबर छातीला लावून रेषेवर जाऊन उभी राहिले.