भुताचा आवाज

बाबांची तेरवी आटोपली आणि दुपारी माझा भाऊ हेमराज नि चुलतभाऊ विनोद कॉम्प्युटरसमोर भांडू लागले. हेमराजने एका भुताच्या गेमचा मॉड, म्हणजे स्वतःची बदललेली आवृत्ती, बनवला होता. त्यातल्या भुताला बाबांनीच हसत हसत आवाज दिला होता.

"मोठेबाबाले भूत बनवून ठेवतं का?" विनोद म्हणाला. "रोल-प्लेइंग गेममंदी टाक, गावातला मानूस म्हनून. तलावावर मासे इकतीन, नेहमीसारखे."

"तिथं कोनीबी तलवारीनं मारते, येड्या! भूत मरत नाही."

"ताई, तूच सांग," विनोद माझ्याकडे वळला.

मी हेडफोन लावून गेममधल्या जंगलात शिरले.

"कोन होय? घरी जाय ना, बाप्पा!" झाडाआडून भूत बाबांच्या आवाजात ओरडलं.

तलावात मासे धरताना डोंग्यातून, आपल्या लहानशा नावेतून, बाबा आम्हा पोरांना असंच हाकलत.

"राहू दे भूतच," मी विनोदला म्हणाले आणि जंगलात तिथंच उभी राहिले.